अण्णांच्या पत्राची पोच

भालेरावांना थोरल्या भावाचं पत्र आलं तो सोमवार होता, दुपारचे साडेचार वाजत आले होते, आणि भाऊ जाऊन पाच महिने झाले होते.

पत्र म्हणजे ईमेल, हे आधीच सांगितलेलं बरं. कागदाचं पत्र एखाद्या पिशवीच्या तळाशी पाच महिने पडून राहू शकतं, त्यात कुणी दचकण्यासारखं काही नाही. पण ईमेल हा विजेचा प्रकार. इकडे माणसानं बटण दाबलं की तिकडे पोचलं. म्हणजे ज्यानं बटण दाबलं तो माणूस... इथपर्यंत विचार आला आणि हरिचंद्र भालेराव खुर्चीवरून उठले. मग कुठे जायचं हे ठरलेलं नसल्यामुळे पुन्हा बसले.

अंबरनाथ पूर्वेला त्यांच्याच बिल्डिंगच्या खाली शलाकाचा सायबर कॅफे होता. शलाका चाळिशीची बाई, सकाळी शाळेत गणित शिकवायची आणि दुपारी चारला कॅफेचं शटर वर करायची. पाच कॉम्प्युटर, एक लाईन, आणि पाचला जाणारी वीज, असा तो धंदा. भालेरावांनी कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून ते शटरबरोबरच हजर असत. बंगळुरूच्या मुलाचं पत्र आठवड्यातून एकदाच येई, पण न आलेलं पत्रसुद्धा रोज जातीनं बघितलं पाहिजे असं त्यांचं मत होतं.

त्या दिवशी नवीन पत्र एकच होतं. पाठवणाऱ्याच्या जागी नाव होतं, धोंडिबा भालेराव.

आत इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं, अण्णा नेहमी लिहायचे तसं, प्रत्येक वाक्यानंतर एक ओळ सोडून.

हरी, रविवारी ये.

तुझी वस्तू माझ्याकडे राहिली आहे.

चार वाजता ये. मी घरीच आहे.

फोटो पाहा.

भालेरावांनी ते तीनदा वाचलं. बाकीचं एक वेळ ठीक होतं, पण ‘मी घरीच आहे’ हे काही त्यांना वाचवेना. कुळगावचं ते घर नोव्हेंबरपासून बंद होतं. सरस्वतीवहिनी लेकीकडे, संध्याकडे, नाशिकला जाऊन राहिल्या होत्या.

त्यांनी फोटोवर क्लिक केलं. त्या काळी फोटो पडदा सोडावा तसा वरून खाली यायचा, आणि शलाकाच्या लाईनवर तो पडदा फारच आळशी हातानं सोडलेला असायचा. आधी भिंत आली. निळसर चुन्याची, अण्णांच्या पुढच्या खोलीची. मग खिळ्याला लटकलेली दिनदर्शिका, तिच्यावर नोव्हेंबरचं पान. पुढे पुन्हा भिंत. तेवढ्यात पाच वाजले, वीज गेली आणि भिंत काळी झाली.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. भालेराव हे भुताखेतांच्या बाबतीत साधेसुधे गृहस्थ नव्हते. धम्माच्या बावीस प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ होत्याच, शिवाय दर पावसाळ्यात ते वस्तीत ‘अंधश्रद्धा आणि आपण’ या विषयावर व्याख्यान देत. पिंड नाही, श्राद्ध नाही, आत्मा नाही, असं ते टेबलावर तीन वेळा हात आपटून सांगत. तेव्हा अशा माणसाच्या पेटीत मेलेल्या भावाचं पत्र यावं, आणि तेही सख्ख्या भावानं पाठवावं, हा त्यांना भीतीपेक्षा अपमान जास्त वाटला. निदान जिना चढेपर्यंत तरी अपमानच वाटला. जिन्यात अंधार होता, आणि दुसऱ्या मजल्यापासून ते जरा भराभर चढले.

मंगळवारी चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी पत्र पुन्हा आलं. तेच. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

‘‘कुणीतरी चावटपणा करतंय,’’ शलाका म्हणाली. ‘‘त्यांचा पासवर्ड कुणाला तरी ठाऊक असणार.’’

‘‘अण्णांचा पासवर्ड?’’ भालेराव म्हणाले. ‘‘वहिनींना सुद्धा ठाऊक नव्हता. ते कपाटाची किल्ली उशाखाली घेऊन झोपायचे.’’

फोटो आज थोडा जास्त खाली उतरला. खिडकीची वरची चौकट दिसली, आणि तिच्यापुढे वेताच्या खुर्चीच्या पाठीची कड. पाच वाजता वीज गेली. आठनंतर वीज परत यायची तेव्हा जाऊन निवांत बघता आलं असतं, पण रात्री पडद्याकडे बघून डोळ्यांना त्रास होतो असं भालेरावांनी बायकोला, मायाला सांगितलं. मायानं त्यांच्याकडे पाहिलं आणि पोळी वाढली.

बुधवारी पत्राबरोबर बाळाजी भोईरही आले. हे शेजारच्या दारातले. मूळचे बदलापूरकडचे शेतकरी, जमीन कंपनीत गेली आणि स्वतःही त्याच कंपनीत गेले. पत्र त्यांना वाचून दाखवायचं काही कारण नव्हतं, पण अंबरनाथला शेजाऱ्याला कारण लागत नाही.

बाळाजींनी पडद्यावर बोट ठेवलं. ‘‘ह्ये वस्तू नाय हो भालेराव. इंग्रजीत व्ही-ए-एस-टी-यू. ह्ये वास्तू हाय. तुमची वास्तू त्याच्याकडं राहिली हाय, आसं बोलतंय त्यो.’’

‘‘माझी वास्तू माझ्याकडेच आहे. तिसरा मजला, तेरा नंबर.’’

‘‘कागद बघितलाव का?’’

भालेरावांनी त्या रात्री फ्लॅटचे कागद बघितले. कागद त्यांच्याच नावावर होते, तरी दोनदा बघितले.

‘‘मी सांगतो तुमाला,’’ दुसऱ्या दिवशी जिन्यात बाळाजी म्हणाले, ‘‘तुमी त्याचं काय केलं नाय. दहावा नाय, बारावा नाय. भावाचा जीव आडाकलाय.’’

‘‘बाळाजी, आमच्यात आत्मा मानत नाहीत.’’

‘‘तुमच्यात नसंल. पन ज्यो गेला त्याला कुनी सांगितलं का?’’

याला उत्तर असणारच, आणि एरवी टेबल समोर असतं तर भालेरावांनी ते दिलंही असतं. पण जिन्यात टेबल नव्हतं.

खरं सांगायचं तर भालेरावांना सलत होतं ते वेगळंच. अण्णा गेले तेव्हा दोघं भाऊ दहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते. आणि का बोलत नव्हते, हे भालेरावांना माहीत नव्हतं. त्यांना आठवत होता तो शेवटचा वाद जानेवारीतला, कुळगावला, चहाच्या वेळचा. वाद ईमेलवरून झाला होता. अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, त्यांनी घरी कॉम्प्युटर घेऊन त्यात पत्रांचा प्रोग्रॅम बसवला होता. पत्र निवांत लिहून ठेवायचं, मग फोन जोडायचा, आलेली पत्रं घरात ओढून घ्यायची, गेलेली पाठवायची, फोन बंद.

‘‘माझी पत्रं माझ्या घरात राहतात,’’ अण्णा म्हणाले होते. ‘‘तू आपली पत्रं परक्याच्या ओसरीवर ठेवतोस. त्यानं उद्या ओसरी झाडली तर?’’

‘‘आणि तुमचं घर जळलं तर?’’ भालेराव म्हणाले होते. ‘‘मी माझी पत्रं अंबरनाथला वाचीन, बंगळुरूला वाचीन. तुम्ही वाचा खुर्चीला बांधून घेऊन.’’

एवढंच. असे वाद त्यांचे चाळीस वर्षं चालत आले होते, चहाबरोबर फरसाण असावं तसे. पण त्यानंतर अण्णांचा फोन आला नाही. भालेरावांनी एकदा केला, तो वहिनींनी घेतला आणि ‘ते झोपलेत’ म्हणून सांगितलं. सकाळचे अकरा वाजले होते. मग भालेरावांनाही मान होताच. मी धाकटा झालो म्हणून मीच का पुन्हा करावा, असं म्हणता म्हणता नोव्हेंबर आला. अण्णा गेले त्या दिवशी वहिनी दारात एवढंच म्हणाल्या, ‘‘आता आलात भावोजी.’’

त्यामुळे सगळ्यात सोपी गोष्ट, म्हणजे वहिनींना फोन करून विचारणं, ती भालेरावांकडून होत नव्हती. अवघड गोष्टी मात्र ते एकामागून एक करत सुटले.

गुरुवारी ते उल्हासनगरला गेले. अण्णांनी ज्यांच्याकडून इंटरनेटचं कनेक्शन घेतलं होतं त्या एजन्सीचं ऑफिस कॅम्प तीनमध्ये एका साड्यांच्या दुकानाच्या वर होतं. काउंटरवर पन्नाशीचे एक सिंधी गृहस्थ बसले होते. त्यांनी अण्णांचं नाव टाइप केलं.

‘‘हां साईं, भालेराव धोंडिबा, कुळगाव. आपला जुना कस्टमर आहे. कंप्लेंट क्या है?’’

‘‘ते वारले.’’

‘‘अरे. कब?’’

‘‘नोव्हेंबरात.’’

गृहस्थांनी पडद्याकडे पाहिलं, चष्मा वर केला, परत पाहिलं. ‘‘नाही साईं. काल होते ना. चार वाजून सात मिनिटांनी आले, बावीस मिनिट बसले, गेले. परवा पण. सोमवारपासून रोज चालू आहेत. उनका अभी एकशे बारा तास बॅलन्स आहे.’’

भालेरावांनी काउंटरची कड धरली. खाली साड्यांच्या दुकानात कुणीतरी ताग्यावर तागा उलगडत होतं, त्याचा फट् फट् आवाज येत होता.

‘‘कुठून येतात?’’ त्यांनी विचारलं.

‘‘ते नाही सांगू शकत. कस्टमरचं सीक्रेट आहे.’’

‘‘मग हे बंद करा.’’

‘‘बंद करायला फॉर्म आहे. फॉर्मला डेथ सर्टिफिकेट लावायचं. खाली कस्टमरची सही.’’

‘‘कस्टमर वारलाय म्हणून तर सर्टिफिकेट लावणार ना?’’

‘‘बरोबर आहे तुमचं. पण सही सिस्टिम मागते, मी नाही.’’

‘‘मेलेल्या माणसाची सही मी आणू कुठून?’’

गृहस्थ मनानं चांगले होते. त्यांनी थोडा विचार केला. ‘‘रोज चार बजे येतात ना? मेल डालके पूछ लो.’’

ही सूचना हास्यास्पद होती. अंबरनाथला परत येईपर्यंत भालेराव तिला मनातल्या मनात हसत होते. आल्यावर कॅफेत बसून त्यांनी तसं पत्र लिहिलं. ‘आपण कोण आहात?’ एवढंच. खाली स्वतःचं नाव लिहावं की नाही यावर त्यांचा बराच वेळ गेला. शेवटी लिहिलं नाही.

शुक्रवारी चार अठ्ठावीसला उत्तर आलं. तुझी वस्तू माझ्याकडे राहिली आहे. चार वाजता ये. मी घरीच आहे.

तोपर्यंत ही गोष्ट बिल्डिंगभर झाली होती, आणि शुक्रवारी कॅफेत नऊ माणसं होती. शलाकानं बाकीचे चारही कॉम्प्युटर बंद केले, म्हणजे सगळी लाईन त्या एका फोटोला मिळेल. सगळे पडद्याकडे बघत उभे राहिले. भिंत आली. दिनदर्शिका आली. खिडकी आली, खुर्चीची पाठ आली. मग खुर्चीत खांदे आले.

खांद्यांच्या वर मान नव्हती. नुसती खुर्चीची वेताची वीण दिसत होती. फोटो इंचाइंचानं खाली येत होता. छाती आली, पोट आलं, दोन्ही बाजूंना हात आले, खुर्चीच्या हातांवर टेकवलेले. हातांना पंजे नव्हते.

‘‘मुंडकं नाय,’’ बाळाजी अगदी हळू म्हणाले.

मागून माया आली होती. ती कधी कॅफेत येत नसे. तिनं वाकून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘हा तुमचा स्वेटर आहे.’’

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

‘‘बदामी रंगाचा. मी विणलेला. गळ्याशी दोन टाके चुकलेत, ते बघा. वर्षभर शोधतेय मी. हरवला म्हणून सांगितलं होतंत.’’

भालेरावांना आठवलं. जानेवारीतला तो वाद, तावातावानं उठणं, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला स्वेटर. कुणीतरी तो नीट झटकून, बाह्या हातांवर ठेवून, माणूस बसवावा तसा खुर्चीत बसवला होता. वस्तू कळली. पण कळल्यानं बरं वाटायच्या ऐवजी भालेरावांनी खुर्ची पडद्यापासून मागे ओढली. कारण आता चावटपणाची शक्यता उरली नव्हती. हे फक्त अण्णाच करू जाणे.

इतक्यात पडद्यावर एक लाल पट्टी आली. शलाकानं वाचलं. ‘‘काका, तुमची पेटी भरली. चार एमबीचीच जागा असते या फुकटच्या पेटीत. रोज एवढा मोठा फोटो येतोय. जुनी पत्रं काढून टाका, नाहीतर उद्याचं पत्र आत येणार नाही. परत जाईल.’’

‘‘कुणाकडे परत जाईल?’’ भालेरावांनी विचारलं.

बाळाजींनी चप्पल शोधायला सुरुवात केली.

आठला वीज आल्यावर भालेरावांनी पेटी रिकामी करायचा प्रयत्न केला. मुलाची पत्रं काढून टाकली, विम्याची आठवण काढून टाकली, दोन लग्नांची आमंत्रणं काढून टाकली. अण्णांची पाच पत्रं मात्र एकसारखी एक असूनही त्यांच्यानं काढवेनात. प्रत्येक वेळी वर बाण नेला की वाटे, हेच मुख्य असेल तर?

वर आले तेव्हा माया फोन ठेवत होती.

‘‘वहिनींशी बोलले,’’ ती म्हणाली. ‘‘अण्णांचा कॉम्प्युटर घरात धूळ खात पडला होता. गेल्या रविवारी त्यांनी तो सोनिवलीच्या विहाराला दिलाय, तिथल्या बनूबाईंच्या ताब्यात. जाऊन बघा म्हणाल्या.’’

‘‘एवढंच?’’

‘‘आणखी म्हणाल्या, दोन मिनिटांचा फोन करायला भावोजींना पाच दिवस लागले का?’’

शनिवारी शलाकाला सोबत घेऊन भालेराव सोनिवलीला गेले. नव्या इमारतींच्या मागे, जिथे अजून भाताची खाचरं शिल्लक होती, तिथे विहाराची बैठी खोली होती. आत बुद्धमूर्ती, पुस्तकांचं कपाट, शिवणाची दोन मशीनं, आणि कोपऱ्यात अण्णांचा कॉम्प्युटर, वहिनींनी विणलेल्या क्रोशाच्या रुमालासकट. पडदा त्यांच्याकडे तोंड करून होता. भालेरावांनी नजर दुसरीकडे वळवली.

बनूबाई सत्तरीच्या, पांढऱ्या साडीतल्या. त्यांनी पाणी दिलं. ‘‘जयभीम. तुम्ही हरी का? अगदी अण्णांचं तोंड.’’

‘‘हा कोण वापरतं?’’ शलाकानं विचारलं.

‘‘कुणी नाही. आम्हाला कुठं येतंय. सरस्वती म्हणाली होती, रोज थोडा वेळ चालू ठेवत जा, बंद ठेवला तर खराब होतो. म्हणून मी चारला बटण दाबते. दिवा लावल्यागत. मग तो आपला आपण फोन लावतो, किर्र किर्र करतो. तासानं बंद करते.’’

शलाकाच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडायला लागलं. ‘‘आणि साडेचारला?’’

‘‘साडेचारला मी शहाडला लेकीला फोन करते.’’ बनूबाईंनी आवाज उतरवला. ‘‘तुम्ही आपली माणसं म्हणून सांगते. रिसीव्हर उचलला की आत कुणीतरी विव्हळत असतं. रोज. भारी वाईट वाटतं ऐकून. मी म्हणते, बाबा, शांत हो, तुला काय दुःख असंल ते निवू दे. मग तो गप होतो.’’

भालेरावांनी फोनपासून एक पाऊल मागे घेतलं. शलाका मात्र खाली मान घालून हसू आवरत होती. मग तिनं समजावून सांगितलं, गणित शिकवावं तसं. अण्णांनी नोव्हेंबरात पत्र लिहून पाठवणीच्या खणात ठेवलं असणार. पाठवायला फोन लागला नसेल. ते पत्र त्या खणातच बसून राहिलं. आता रोज चारला कॉम्प्युटर चालू होतो, फोन जोडतो आणि पत्र पाठवायला घेतो. मोठा फोटो, जुनी लाईन, वीस मिनिटं जातात. पत्र पलीकडे पोचतं, पण पलीकडून पोच यायच्या आत बनूबाई रिसीव्हर उचलतात आणि लाईन तुटते. विव्हळतं ते मॉडेम. पोच मिळाली नाही म्हणून कॉम्प्युटरला वाटतं पत्र गेलंच नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पाठवतो.

‘‘म्हणजे पोच मिळेपर्यंत?’’ भालेरावांनी विचारलं.

‘‘मिळेपर्यंत. दहा वर्षं लागली तरी. त्याला कंटाळा नसतो.’’

सगळा उलगडा झाला होता. व्याख्यानात सांगण्यासारखा होता. शलाकानं मॉडेमची तार काढून कॉम्प्युटर चालू केला, आणि भालेराव त्या प्रोग्रॅमसमोर बसले तेव्हा त्यांना हलकं वाटायला हरकत नव्हती. डाव्या बाजूला खण होते. त्यात एका खणाचं नाव होतं ‘हरी’.

त्यांनी तो उघडला. आत त्यांची स्वतःची पत्रं होती, तारखेवार, दोनशे चौदा. मुलाच्या नोकरीची बातमी, गुडघ्याचं दुखणं, कुठल्या तरी निवडणुकीवरची चिडचिड, ‘अण्णा, तुम्ही काहीही म्हणा’ अशी सुरू होणारी लांबलचक पत्रं. त्यांच्या स्वतःच्या पेटीतून ही कधीच गेली होती. दर दोन महिन्यांनी ते जागा करायला काढून टाकत. आपण एवढं लिहिलं होतं हे सुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या पत्रांच्या खाली एक इंग्रजी चिठ्ठी होती, फेब्रुवारीची. ती यंत्रानं लिहिलेली होती. अण्णांनी धाकट्या भावाला चाळीस पानं पाठवली होती, वडिलांवरची, ‘आमचे बाबा’ नावाची, जुन्या फोटोंसकट. पेटी भरली होती. पत्र नाकारण्यात आलं आहे, असं यंत्रानं कळवलं होतं, आणि नाकारणाऱ्याच्या जागी नाव होतं हरिचंद्र भालेराव.

तिच्याखाली अण्णांचं एक न पाठवलेलं पत्र. ‘हरी, बाबांवरचं लिखाण तुला नको असेल तर तोंडावर सांगायचंस. यंत्राकडून काय कळवतोस?’ त्या पुढे अण्णांनी काहीच लिहिलं नव्हतं. मार्च, एप्रिल, मे, काहीच नाही. मग नोव्हेंबर, आणि पाठवणीच्या खणातलं ते एक पत्र.

भालेराव फेब्रुवारीची चिठ्ठी पुन्हा वरून वाचू लागले. बनूबाईंनी शलाकाला खूण करून बाहेर नेलं.

‘‘त्या आठवड्यात कुळगावचे फोन बंद होते,’’ बनूबाई परत येऊन म्हणाल्या. ‘‘रस्ता खणला होता. अण्णा रोज बघायचे, लागला का, लागला का. शुक्रवारी गेले.’’

चार वाजायला आले होते. शलाकानं सांगितलं, आज कुणी फोन उचलायचा नाही. मग तिला एकदम आठवलं. ‘‘काका, पेटीत जागा केलीत ना? नाहीतर हे पुन्हा नाकारलं जाईल.’’

जागा केली नव्हती. चार वाजायला अकरा मिनिटं कमी होती. विहारातल्या फोनवरून भालेरावांनी घरी फोन लावला, मायाला खाली कॅफेत पळायला सांगितलं, कॅफेची दुसरी किल्ली बाळाजींकडे होती, बाळाजी झोपले होते. कॅफेतल्या पीसीओवर फोन लावून शलाकानं मायाला एक एक पायरी सांगितली. कॉम्प्युटर सुरू करायला सहा मिनिटं गेली. ‘‘पासवर्ड काय?’’ मायानं विचारलं. भालेरावांनी मान वळवून, हळू आवाजात सांगितला. पलीकडे मायानं तो पुन्हा एकदा विचारून घेतला. पासवर्ड तिचंच नाव होतं, लग्नाआधीच्या आडनावासकट.

‘‘अण्णांची पाच पत्रं दिसताहेत,’’ ती म्हणाली. ‘‘काढू?’’

‘‘काढ,’’ भालेराव म्हणाले.

फोन ठेवला. शलाकानं मॉडेमची तार जोडली, कॉम्प्युटर बंद केला, आणि बनूबाईंनी रोजच्यासारखं बटण दाबलं. यंत्रानं नंबर फिरवला, विव्हळलं, खरखरलं, आणि गप झालं. एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे भरायला लागली. तिघंही बाकावर हात मांडीवर ठेवून बसले होते, दवाखान्याबाहेर बसावं तसे. साडेचार वाजले. बनूबाईंचा हात सवयीनं फोनकडे गेला आणि त्यांनी तो परत पदरात घेतला. पट्टी भरली, थांबली. आणखी एक मिनिट काहीच झालं नाही. मग खणापुढचा एकचा आकडा नाहीसा झाला.

‘‘पोच आली,’’ शलाका म्हणाली.

आणि त्याच क्षणी टिंग वाजून आलेल्या पत्रांच्या खणात एक नवीन पत्र उतरलं. लाईन रोज मध्येच तुटायची, म्हणून आजवर बाहेर थांबलेलं. भालेरावांनी उघडलं. त्यात एकच ओळ होती.

आपण कोण आहात?

अण्णांच्या कॉम्प्युटरसमोर, अण्णांच्या पत्त्यावर आलेला तो प्रश्न भालेराव वाचत राहिले. पडद्याच्या काचेत त्यांचा चेहरा दिसत होता, बनूबाई म्हणाल्या होत्या तसा.

‘‘उत्तर द्यायचं?’’ शलाकानं विचारलं.

‘‘नको,’’ भालेराव म्हणाले. ‘‘उद्या रविवार आहे.’’

कुळगावच्या घराची किल्ली बनूबाईंकडेच होती. महिन्यातून एकदा त्या झाडून घेत. रविवारी चारला पाच कमी असताना भालेरावांनी कुलूप उघडलं. आत बंद घराचा वास होता. दिनदर्शिकेवर अजून नोव्हेंबर होता. खिडकीपुढे वेताची खुर्ची होती आणि तिच्यात स्वेटर, बाह्या हातांवर टेकवून बसलेला. बनूबाईंनी झाडताना त्याला हात लावला नव्हता.

भालेरावांनी दार लोटून घेतलं. काय करायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं. ते म्हणाले, ‘‘आलो, अण्णा.’’ आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. मग त्यांनी स्वेटर उचलला, झटकला, आणि एप्रिलच्या त्या उकाड्यात अंगात घातला. गळ्याशी दोन टाके टोचत होते. ते खुर्चीत बसले आणि हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. बाहेर एक कोंबडी माती उकरत होती. ते बाबांबद्दल थोडं बोलले, मुलाबद्दल बोलले, आणि पेटी भरल्याबद्दल, आपल्या पेटीबद्दल, बोलताना मध्येच थांबले. घाम पाठीवरून वाहत होता. खिडकीच्या काचेतून कुणीतरी आत डोकावल्यासारखं वाटलं, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. पाच वाजता उठले, कुलूप लावलं, आणि स्वेटर पिशवीत घालून घरी आले.

सोमवारी सकाळी बाळाजी दूध आणायच्या निमित्तानं दारात उभे राहिले. चेहरा उतरलेला होता.

‘‘भालेराव, तुमाला सांगू का नको, कळत नाय. माझी मेव्हणी तुळशी कुळगावलाच ऱ्हाते ना, त्याच आळीत. काल तिनं अण्णांना बघितलं.’’

भालेरावांनी चहाचा कप खाली ठेवला. मायानं आतून पाहिलं.

‘‘बंद घरात खुर्चीत बसलेला व्हता. ह्या गरमीत आंगात स्वेटर. काय तरी बोलत व्हता आपल्याशीच. ती अजून जेवली नाय. सगळी आळी घाबरलीय. मी बोललो, भालेरावांना इचारतो. तुमी मानत नाय, पन तुमीच सांगा आता, काय बोलायचं लोकांना?’’

खुलासा सोपा होता. एका वाक्याचा होता. भालेराव टेबलाशीच बसलेले होते, टेबलावर त्यांचा हातही होता.

‘‘कसे दिसत होते?’’ त्यांनी विचारलं.

बाळाजींनी आठवून पाहिलं. ‘‘बरे व्हते म्हने. घामाघूम व्हते, पन तोंडावर राग नव्हता.’’

भालेरावांनी मान हलवली. ‘‘तुळशीबाईंना जेवायला सांगा,’’ ते म्हणाले.